मैलाच्या दगडापल्याड खर्रा

उमरखेडहून नांदेडकडं जानाऱ्या रोडवर तांड्याचा फाटा लागते. तिथं डोंगरसिंगची टपरी. एका बाजूले डोंगरसिंग पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटते, दुसऱ्या बाजूले त्याची बायको लालीबाई भजे तळते. खर्रा खपते, भजे उरते. कारन या रोडचं खरं गिऱ्हाईक म्हनजे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याले जानाऱ्या बसा, अन् सरदार लोकं तंबाखूच्या वाऱ्याले उभे राहत नाहीत. बस हळू होते, ड्रायवर लटकलेल्या पुड्या पाहते, अन् बस निंगून जाते बुंगाट.

"एक बस थांबू द्या किसनभाऊ, या कढईले हार घालतो मी," लालीबाई मले म्हने. "पन या मानसाचा जीव खर्र्यात!"

एक दिवस मोबाइलवर बातमी आली. पंजाबात सरकारनं अमृतसरचा जुना भाग, आनंदपूर साहिब अन् तलवंडी साबो पवित्र शहरं ठरवले. मटन बंद, दारू बंद, तंबाखू बंद. वाचलं अन् माह्या डोक्यातला किडा वळवळला. तोंड पाडून मी टपरीवर गेलो.

"डोंगऱ्या, गेलं तुह्यं दुकान."

"काहून बे?"

"पंजाबात तीन शहरं पवित्र झाले. आता नांदेडच्या रस्त्यावरचे फाटे घेऊन राह्यले. पह्यला नंबर आपला."

बातमी दाखवली, पन अर्धी बोटाखाली दाबून. डोंगरसिंगनं मोबाइल पाह्यला, मंग मले पाह्यलं. घोटता हात थांबला.

"साहेब येतीन काय?"

"जीप भरून येतीन!"

मी हासत हासत घरी. रस्त्यात जो भेटला त्याले सांगत गेलो, उद्या सकाळी फाट्यावर या, तमाशा हाये.

सकाळी पाच-सात जनं घेऊन गेलो, त टपरीवर एक पुडी नाही. फळ्या धुतलेल्या. डोंगरसिंग डोक्याले फडकं बांधून पत्र्यावर चुन्यानं लिहून राह्यला होता: 'पवित्र फाटा. तंबाखू बंद.'

"बरं, एक खर्रा दे," मी म्हनलो.

"नाही भेटत. हुकूम हाये. तूच त आनला!"

"अबे, मजाक केली मी!"

"हुकुमाची मजाक करू नये गड्या."

माह्यासंगचे सारे माह्याकडंच डोळे वटारून पाहू लागले. सकाळचा खर्रा कोनाच्याच तोंडात नव्हता.

तेवढ्यात बस आली. हळू झाली. आता सुटते म्हनलं, त थांबली! सरदार ड्रायवरनं उतरून पाटी वाचली.

"पवित्र? यहां क्या हुआ था जी?"

डोंगरसिंगनं बोट माह्याकडं केलं. "इनसे पूछो. यही लाये हैं."

मी कढईकडं पाह्यलं. "जी... यहां भजे होते हैं."

मांगून उतरलेली म्हातारी सरदारीन अशी हासली का तिले खांबाले धरा लागलं. मंग सारी बस उतरली. लालीबाईचं बेसन संपलं, कांदे संपले, शेवटी नुसत्या मिरच्या तळल्या, त्याही गेल्या. बस गेल्यावर तिनं खरंच झेंडूचा हार आनला अन् कढई थंडी व्हायची वाट पाहत बसली.

मी डोंगरसिंगजवळ सरकलो. "लेका, तुले खरंच वाटलं काय?"

"बातमी मी तुह्याआंधीच पाह्यली होती," तो हळूच म्हने. "तिच्यात फाटा-बिटा काही नव्हता."

"मंग?"

"लालीच्या सांगन्यावरून खर्रा बंद केला असता, त तुम्ही मले जनमभर बायकोचा गुलाम म्हनले असते. आता लोकं सरकारले शिव्या देते. अन् तुले."

तवापासून फाट्याजवळचा मैलाचा दगड आमची हद्द हाये. आम्ही सारे उमरखेडहून खर्रा आनतो अन् दगडापल्याड लायनीनं उभे राहून चघळतो. लालीबाई टपरीवरून हाक मारते, "किसनभाऊ, चूळ भरा, मंगच भजे!"

अन् दुरून बस दिसली, का सगळ्यात आंधी चूळ भरनारा मीच.