लांब पाठ आणि मागची काच

मित्रांनो, मी एक जुनी, लांब पाठीची मोटार आहे. सांगते आहे ती गोष्ट १९७१ सालची. तेव्हा मी अवघी चार वर्षांची होते.

माझा जन्म एका थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. तिकडे घरोघरी माझ्यासारखीच गाडी लागे. मागची सीट आडवी केली की सपाट जागा होई. तिच्यात शिडी जाई, कुत्रा जाई, झोपलेली नातवंडेसुद्धा जात. मागच्या दाराची काच हँडल फिरवून खाली करता येई. "गाडी असावी तर अशी!" असे लोक कौतुकाने म्हणत.

पुढे मला जहाजात चढवले. शेजारी काड्यापेटीएवढी मोटार होती, ती अरुंद गल्ल्यांच्या देशात निघाली होती. पलीकडची उंच चाकांची, उघड्या पाठीची, कच्च्या रस्त्यांच्या मुलखात चालली होती. प्रत्येकीची कुठेतरी वाट पाहिली जात होती. माझीही असेल, असे मला वाटले.

पण मी उतरले तिथल्या लोकांना मागे वेगळी डिक्की असलेलीच गाडी आवडे. माझ्या आकाराची गाडी गावात एकच होती, आणि ती मयताची! मी दिसले की लोक बोलायचे थांबत. शेवटी एका सुताराने मला घेतले, कारण अख्खे दार माझ्यात मावे. एकदा तो खिडकीचे माप घ्यायला एका घरापुढे थांबला, तर पाववाला टोपी काढून सांत्वनाला आत शिरला आणि धडधाकट घरमालकाला पाहून ओशाळला.

सुताराच्या आईने तर पहिल्याच दिवशी बजावले, "जिवंतपणी मी हिच्यात पाय ठेवणार नाही."

"आणि नंतर?" सुनेने हसत विचारले.

"तेव्हा मला विचारतंय कोण!"

त्याच वर्षी या आजी स्टुलावरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. गावातली एकुलती रुग्णवाहिका लांब गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुपारच्या आत शहरात नेलं नाही तर या पुन्हा उभ्या राहणार नाहीत. आणि पाय जराही वाकवायचा नाही." शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्या आणल्या, पण आजी एकीतही सरळ मावेनात. राहता राहिले मी.

"आई, सोड ना हट्ट," सुतार रडकुंडीला आला.

"हिच्यातून आडवी गेले तर बाजारभर बोभाटा होईल, म्हातारी गेली!"

सुनेने मागच्या काचेचे हँडल गरागरा फिरवले. "डोकं मागच्या दाराकडे करून झोपा, आई. काच उघडी ठेवते. दिसेल त्याला हात करा."

आजींनी त्या काचेकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "माझा चष्मा आण. कोण रडतंय ते बघते."

मी बाजारातून हळूहळू निघाले. पाववाल्याने सवयीने टोपी काढली. इतक्यात काचेतून हात बाहेर आला. "अरे, आहे मी अजून! आमचा पाव बंद करू नकोस!" त्याच्या हातातला ट्रे धाडकन खाली पडला. रस्ताभर हशा पिकला. मी मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी जीव मुठीत धरत होते.

आम्ही वेळेत पोचलो. संध्याकाळी सुतार बाहेर आला आणि माझ्या टपावर डोके टेकून म्हणाला, "झालं नीट. चालेल ती." मित्रांनो, माझा एकेक नटबोल्ट सैल पडला असेल, इतके मला हायसे वाटले.

दीड महिन्याने एक शेजारी आजींना आणायला खास डिक्कीवाली गाडी घेऊन गेला. आजींनी ती रिकामी परत पाठवली. "जिच्यातून गेले तिच्यातूनच येणार. बघू दे सगळ्यांना." आणि त्या माझ्या पुढच्या सीटवर ताठ बसून घरी आल्या.

त्यानंतर आजी अकरा वर्षे काठी टेकत बाजारात जात होत्या. पाववाल्याने पुढे लांब पाठीचीच गाडी घेतली. सून गाडी चालवायला शिकली, आणि झोपवून न्यावे लागणारे पेशंट असले की डॉक्टरीणबाई तिलाच निरोप धाडू लागल्या. सुतार आता थकला आहे. मी त्याच्या छपराखाली उभी असते. चाकांत हवा नाही. पण दर रविवारी सून माझ्यापाशी येते, मागच्या हँडलला तेल घालते, काच खाली-वर करून बघते.

मित्रांनो, दुसऱ्या मुलखातली गाडी वेगळी दिसली तर हसण्याआधी तिच्यात काय काय मावते ते विचारा. आणि घरातल्या जुन्या गाडीच्या काचेचे हँडल गंजू देऊ नका. आतून कुणाला तरी हात करायचा असेल.