तिसऱ्या तासाची नळी

मी पेरणीयंत्रावरची एक जुनी नळी आहे, मित्रांनो. काळी, मनगटाएवढी जाड आणि आता जरा भेगाळलेली. देडतलाई गावच्या भिकनच्या यंत्रावर आम्ही चौघी बहिणी आहोत. पंखा आमच्यातून हवा ओढतो. त्या ओढीने मक्याचा एकेक दाणा फिरत्या चकतीच्या भोकाला चिकटतो आणि खाली आल्यावर ओढ सुटली की ठरल्या अंतरावर मातीत पडतो. पेरणीच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात; चार तासांपैकी तिसरा तास माझा.

भिकनचा माझ्यावर भारी जीव. नवी होते तेव्हा तो मला रोज फडक्याने पुसायचा. पण तो पडला केळीवाला. वाऱ्याने पडू नयेत म्हणून केळी बांधायची त्याच्या हातांना सवय. मी लोंबकळलेली त्याला बघवेना. त्याने केळीच्या खोडाच्या वाळल्या सालीने, सोपटाने, मला लोखंडी दांडीशी घट्ट आवळून टाकले. दिसत मात्र मी छान होते, खोटे कशाला बोलू?

पहिलेच शेत रंभाबाईंचे. जन्मभर त्यांनी मका हाताने, एकेक दाणा मातीत खोचून, टोकला होता. त्या वर्षी गुडघे वाकेनात, म्हणून पहिल्यांदाच त्यांनी यंत्र शेतात येऊ दिले. यंत्र जमिनीवर टेकले तशी मी ताणले गेले आणि दांडीच्या कोपऱ्यावर चिमटले. माझा श्वासच कोंडला. ट्रॅक्टर आपला चालतच राहिला. मला ओरडता येत नाही याचे फार वाईट वाटले.

रंभाबाई काठीने माती उकरत मागून येत होत्या. फेरी संपल्यावर त्या म्हणाल्या, "भिकन, तिसऱ्या तासात एक बी दाणा नाही रे. आता हे कोण टोकणार?"

भिकनने वाकून पाहिले. त्याचा चेहरा उतरला. "काकू, मीच आवळली तिले."

"केळ एका जागी उभी राहाते. हे यंत्र तं वर-खाली होते. तिले हालाले जागा ठेव."

त्याने सोपट सोडले. यंत्राच्या फिरत्या साखळीपासून दूर, वरच्या अंगाने सैल वळण देऊन मला नेले आणि यंत्र तीनदा उचलून-टेकवून पाहिले. मी पोटभर हवा ओढली. मग तो रिकामा तास त्याने स्वतः वाकून टोकला. रंभाबाई बांधावर बसून त्याला अंतर सांगत होत्या.

आठ दिवसांनी मका उगवला. सगळे तास सरळ, तो एकच वाकडातिकडा. रंभाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला नेमका तोच कौतुकाने दाखवायच्या.

पुढे उंदराने मला कुरतडले, उन्हाने वाळवले. भिकनने पट्टी लावून मला ठेवूनच घेतले. मित्रांनो, तुम्हीही आपल्या वस्तू जपा, पण जपताना त्यांना थोडे सैल सोडा.

आजही पेरणीआधी भिकन यंत्र तीनदा वर-खाली करतो. रंभाबाई बांधावरून विचारतात, "तिले दम घेता येतो का रे?"

माझ्यावर हात ठेवून तो सांगतो, "येतो, काकू."