डब्याला घातलेलं पांघरूण

"इकबालभाऊ, कांदा पोसायला लागलाय आन् तुमी लाइन तोडता व्हय?"

बिरू सकाळपासनं वायरमनच्या सायकलीमागं पळत होता. चाकणच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत वीज येऊन सहा महिने झाले होते, आणि बिरूनं मोटेची लाकडं कधीच चुलीत घातली होती. आता तीन दिवस मोटर मुकी. विहीर तुडुंब, आणि वाफ्यांना भेगा.

"ट्रान्सफॉर्मरचा डबा तापतोय, राव. आतली तारांची वेटोळी तेलात बुडालेली असतात. तेल त्यांची उष्णता घेतं, भाईरच्या नळ्यांत उतरतं, वारा लागला की निवतं, परत आत जातं. तेल भरपूर हाय, तरी तापतोय. परत तापला तर डबा पुण्याला न्यावा लागंल. दोन म्हैने."

दोन महिन्यांत कांद्याच्या पातीची दोरी झाली असती.

"नजर लागली असंल," बिरू म्हणाला. त्यानं डब्यापुढं नारळही फोडला होता, पण दहा पावलं लांबून. मागं जायची छाती नव्हती. तारेत यम बसतो, असं वाडीचं मत.

इकबाल मागं गेला आणि ओरडलाच. नळ्यांवर वरपासून खालपर्यंत गोवऱ्या थापलेल्या!

"तेलाला घोंगडी पांघरलीय की! वारा लागणार कुठनं?"

बिरू पेटला. "कुनाचं काम ह्ये? त्याचा हातच चुलीत घालतो!" तावातावानं तो गोवऱ्यांवर वाकला. प्रत्येक गोवरीवर पंजा उमटलेला, चारच बोटांचा. कडबा तोडताना करंगळी गेलेली वाडीत एकच बाई होती.

तेवढ्यात तीच आली, डोईवर शेणाची पाटी घेऊन. बिरूची आई, सरुबाई.

"बरा घावलास रं वायरमन. तीन दिस झालं, डबा थंडगार. गोवऱ्या वल्ल्याच! न्हाईतर उन्हात चार दिस, हितं सांजंपतूर खडंग. सोड की ईज!"

"मावशी, यमाची भीती न्हाई?"

"शेनाला यम शिवत न्हाई, लेका."

इकबालनं बिरूकडं बघितलं. "मग? चूल पेटवू का?"

"नजरच लागली व्हती, इकबालभाऊ," बिरू खाली मान घालून गोवऱ्या खरवडत म्हणाला. "लिवा, नजर."

तिसऱ्या प्रहरी मोटर घुरघुरली. पाणी पाटात उतरलं तेव्हा कुठं बिरूच्या जिवात जीव आला. बांधावर तीन दगडांच्या चुलीवर चहा झाला.

"फक्कड हाय, मावशी," इकबाल म्हणाला.

"व्हनारच. ईजंवर वाळल्याली गोवरी हाय ती."

सरुबाईनं कप खाली ठेवला, उठली, आणि मोटरीच्या पाठीवर चार बोटं टेकवून बघितली.

"बिरू, ही बी तापती व्हय रं?"