गिधाडांसाठी मनोरा

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा परगावच्या मुलीने त्यांना दुर्बीण पाठवली. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला, आता जरा लांबचं बघा, असा तिचा हेतू असावा. डॉक्टरांनी तो मनावर घेतला आणि शहरातल्या पक्षिमित्र मंडळात नाव घातलं.

मंडळ दर रविवारी तळ्यावर जायचं. तिथे कुणीतरी कुजबुजायचं, "ते बघा, वाळलेल्या फांदीच्या डावीकडे." बाकीचे "वा, वा" करायचे आणि डॉक्टर दुर्बिणीचं चाक फिरवेपर्यंत फांदी रिकामी झालेली असायची. पक्षी अंगठ्याएवढा, नाव मात्र हातभर. डॉक्टरही लवकरच "वा, वा" म्हणायला शिकले. पण खरं सांगायचं तर आजवर त्यांनी फक्त पानं पाहिली होती.

पुढे एकदा दवाखान्यातले प्लास्टरचे जुने दात टाकायला ते शहराबाहेरच्या कचरा डेपोवर गेले आणि बघतच राहिले. ढिगावर गिधाडं बसली होती. एक-दोन नव्हे, सगळा ढीग भरून. वर घारी घिरट्या घालत होत्या, आणि खाली कमरेएवढ्या उंचीचे टकले करकोचे, बदलीचा हुकूम आलेल्या हेडक्लार्कसारखे, मान खाली घालून येरझारा घालत होते. कुणी पानाआड लपत नव्हतं, कुणाला उडायची घाई नव्हती. दाढ दुखणारे पेशंट बाहेरच्या बाकावर बसतात तशी ती गिधाडं एकमेकांकडे न बघता बसून होती. डॉक्टरांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी डेपोवर जाऊ लागले. वासाचं त्यांना काही नव्हतं. ज्याने हयातभर लोकांच्या किडक्या दाढांत नाक घातलं, त्याला कचरा काय करणार? वास यायचा तो बायकोला.

"लोक निवृत्त झाले की बागेत फिरायला जातात," ती दार अर्धवट उघडून म्हणायची. "तिथेच थांबा. आधी कपडे बादलीत, मग तुम्ही घरात."

"अगं, आज एका गिधाडाने पंख पसरले. आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा मोठे."

"टेबलाचं नाव काढू नका. मला अजून जेवायचंय."

हे सगळं असंच सुखाने चालू राहिलं असतं. पण एका दुपारी मेहुणा जेवायला आला. हा बायकोचा धाकटा भाऊ नगरपालिकेत सुशोभीकरण समितीचा अध्यक्ष होता. त्याच्या कारकिर्दीत शहरातल्या प्रत्येक चौकात कारंजं उभं राहिलं होतं, आणि त्यांतल्या एकातही पाणी नव्हतं. भाऊजींचा नवा छंद ऐकून तो आधी पोट धरून हसला. मग डॉक्टर सहज म्हणाले की गिधाडं आता फार दुर्मीळ झालीत, लोक ती बघायला लांबलांबून येतात, तोफेएवढे कॅमेरे घेऊन. त्याचं हसू थांबलं आणि घासही हातातच राहिला.

"भाऊजी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? मनोरा बांधू. पक्षिनिरीक्षण मनोरा. उद्घाटनाला मंत्री आणतो."

"कचरा डेपोवर?" बायकोने विचारलं.

"ताई, आजपासून त्याला डेपो म्हणायचं नाही. आणि मनोऱ्यावर पाटी लागणार: मार्गदर्शक, पक्षितज्ज्ञ डॉक्टर, आपले भाऊजी."

डॉक्टरांनी त्याच वेळी नको म्हणायला हवं होतं. पण पक्षितज्ज्ञ हा शब्द त्यांच्या कानात असा काही गोड वाजला की त्यांनी फक्त ताक मागितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मनोरा झपाट्याने उभा राहिला. त्याला पोपटी रंग दिला आणि रंगाऱ्याला गिधाडाचं चित्र जमेना म्हणून खाली हंस काढले. मंत्र्यांची तारीख मिळाली. मग मेहुण्याच्या लक्षात आलं की मनोऱ्यासमोर कचरा आहे.

डॉक्टर सकाळी गेले तर ढीग उचलायला यंत्रं लागलेली. ट्रक भरभरून चालले होते, मागून माती पडत होती आणि मातीवर हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरल्या जात होत्या. एक माणूस पाठीवर टाकी लावून गुलाबाचा वास फवारत होता.

"अरे, हे काय चालवलंयस? ते पक्षी इथे खायला येतात," डॉक्टर म्हणाले.

"येतील हो. जागेची सवय झालेली असते त्यांना."

"तू ऑफिसात सवयीने जातोस की पगाराला?"

"भाऊजी, मंत्र्यांच्या नाकाचाही विचार करायला हवा," मेहुणा म्हणाला आणि हिरवळीवर पाणी मारायला सांगायला निघून गेला.

उद्घाटनाच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. फारच स्वच्छ. मंत्र्यांनी फीत कापली, मनोरा चढले, दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ हिरवळ बघितली. हिरवळीवर एक कावळा होता. पाच मिनिटांनी तोही गेला.

"गिधाडं कुठायत?" मंत्र्यांनी विचारलं.

मेहुण्याने पक्षितज्ज्ञांना पुढे ढकललं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना आ करायला लावलं होतं. आज त्यांचा स्वतःचा आ मिटेना.

"साहेब, जेवायला गेलीत," ते अखेर म्हणाले.

"कुठे?"

त्याच क्षणी डॉक्टरांचा फोन वाजला. बायकोचा आवाज मनोऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका खणखणीत होता.

"अहो, तुमची ती मंडळी इथे आलीत. पाण्याच्या टाकीवर बसलीत, गच्चीच्या कठड्यावर बसलीत, आणि एक टकला खाली वॉचमनच्या खुर्चीशी उभा आहे. वॉचमन पळालाय. मागच्या मैदानात रात्रीतून कुणीतरी अख्ख्या शहराचा कचरा आणून ओतलाय. माझ्या भावाला विचारा जरा, काही माहीत आहे का."

मेहुणा बुटांकडे बघू लागला. ट्रक कुठेतरी रिकामे करायलाच हवे होते आणि मोकळं मैदान तेवढंच होतं. ते ताईच्या इमारतीमागे आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि त्याने ते गेलं असं धरलं होतं.

मंत्री मात्र खूश. गाड्यांचा ताफा वळला तो थेट डॉक्टरांच्या इमारतीकडे. सगळे नाक मुठीत धरून गच्चीवर चढले. बायको आधीच तिथे होती, तोंडाला पदर लावून, हातात कपडे वाळत घालायची काठी. टाकीवरच्या गिधाडाने मंत्र्यांकडे एकदा बघितलं आणि उपयोगाचं काही नाही असं ठरवून मान वळवली. मंत्र्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले. मग ते शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "तुम्ही भाग्यवान आहात. निसर्ग तुमच्या दारात आलाय. हे केंद्र इथेच कायम करू."

टाळ्या मंत्र्यांच्या माणसांनी वाजवल्या. शेजारी डॉक्टरांकडे बघत होते. त्या नजरेने बघणारे लोक डॉक्टरांनी पूर्वी फक्त एकदाच पाहिले होते, चुकीची दाढ उपटली होती तेव्हा.

पुढचे दिवस वाईट गेले. जिन्यात कुणी बोलेना. कुणी वाळत टाकलेली चादर आत घेतली की ती आधी डॉक्टरांच्या दाराशी आणून हुंगून दाखवायचे. मेहुणा फोन उचलत नव्हता. डॉक्टर खिडकीतून चोरून गिधाडं बघत आणि बघताना आनंद झाला की स्वतःवरच चिडत.

शेवटी बायकोने दोन बॅगा भरल्या.

"कुठे निघालीस?"

"आपण निघालोय. भावाकडे. माहेर आहे माझं, पुसायचं काय त्यात?"

भावजयीने दार उघडलं आणि बॅगा बघून तिचं हसू अर्ध्यावर आलं. "या ना ताई. किती दिवस?"

"मैदान साफ होईपर्यंत," बायको चप्पल काढत म्हणाली. "मला काही घाई नाही. तुझं स्वयंपाकघर तेवढं नीट लावून घेते."

तिने खरंच लावायला घेतलं. मसाल्याचे डबे खालून वर गेले, चाळणी कुणाला सापडेना, भाजीत मीठ कसं घालतात याचं शिक्षण दोन्ही वेळा सुरू झालं. डॉक्टर रात्रीच्या जेवणावर सगळ्यांच्या हिरड्या तपासायचे. मंत्र्यांचा शब्द मोडता येत नाही, असं मेहुणा पहिल्या रात्री म्हणाला. भावजयीने त्यावर बोलायचं ठेवलं ते आतल्या खोलीत. आठवडा पुरा व्हायच्या आत ट्रक मैदानावर लागले. नगरपालिकेच्या इतिहासात इतकं जलद काम कधी झालं नव्हतं, आणि त्याची फीत कापायला कुणीच नव्हतं.

कचरा पुन्हा डेपोवर पडला, हिरवळीच्या उरावर. मनोऱ्याला कुलूप लागलं, कारण वरून फार वास येतो अशी तक्रार आली होती. गिधाडं लगेच परतली नाहीत. डॉक्टर रोज जाऊन रिकाम्या ढिगाकडे बघत बसायचे आणि घरी येऊन गुपचूप कपडे बादलीत टाकायचे. आपण बोललो नसतो तर ती तिथेच असती, हे त्यांना कुणी ऐकवलं नाही. शेजाऱ्यांना वासाचा राग होता, गिधाडांचं कुणालाच काही नव्हतं.

मग एका सकाळी ते दारातून आत न येताच म्हणाले, "आली. थोडी आहेत, पण आली."

बायकोने नेहमीसारखी बादली पुढे केली. पण दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा ती नाकाला रुमाल बांधून जिन्यात उभी होती.

"तू?"

"त्या दिवशी टाकीवरचं ते उडालं ना, माझ्या डोक्यावरून गेलं," ती म्हणाली. "पंखांचा आवाज आला. चादर झटकल्यासारखा. कुणाला सांगितलं नाही मी."

डेपोच्या कुंपणाबाहेर दोघं एका दगडावर बसली. एक करकोचा समोरून गेला, पुन्हा उलटा आला.

"हा अगदी माझ्या भावासारखा चालतो," ती म्हणाली. "फक्त हा काहीतरी काम करतोय."

डॉक्टर हसले. ती हसली नाही. रुमाल जरा सैल करून ती ढिगाच्या टोकाकडे बघत होती. तिथे एक गिधाड मान आत ओढून उन्हाची वाट बघत होतं.

"उद्या लवकर निघू," ती म्हणाली. "आणि पुढच्या दगडावर बसू. मला इथून मागून काही दिसत नाही."