गुरुवारची गाणी

दातांच्या त्या लॅबमध्ये माणसं चार आणि स्पीकर एक. गाण्यांवरून इतकी भांडणं झाली की शेवटी वार वाटून घ्यावे लागले. आपल्या वारी आपली यादी लावायची, मध्येच कुणी गाणं बदलायचं नाही. गुरुवार उस्तादाचा. उस्ताद हे टोपणनावही त्याला त्या गुरुवारांनीच दिलेलं. नावाड्यांच्या गाण्यामागून कुठल्या तरी परक्या मुलखातल्या बायकांचं समूहगान, मग जुनी साबणाची जाहिरात, मग दहा मिनिटं नुसती सनई. कशाचा कशाला मेळ नाही, तरी ऐकणाऱ्यांचे हात कामावर थबकायचे.

खरं सांगायचं तर उस्तादाला सनई आणि कुकरची शिट्टी यांतला फरक कळला तरी मिळवली. याद्या त्याची बायको करायची.

तिला सगळे वहिनी म्हणत, आपणही म्हणू. तीन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून वहिनीचं जग म्हणजे पलंग, खिडकी आणि गॅसची शेगडी. दूध आणायला खाली उतरली तरी कान वरच. मैत्रिणी आधी घरी यायच्या, मग फोन करायला लागल्या, मग वाढदिवसाला फुलांची चित्रं पाठवू लागल्या. उरला तो गुरुवार. बुधवारी संध्याकाळी ती नवऱ्याच्या फोनवर यादी रचायची, कधीही न पाहिलेल्या तीन माणसांसाठी. गुरुवारी तो आला की चहाच्या आधी विचारायची, "काय म्हणाले?"

"आवडलं," तो म्हणायचा. तेवढ्या एका शब्दावर ती आठवडा काढायची.

एकदा ती म्हणाली होती, "सांगा ना त्यांना, माझी निवड आहे म्हणून."

तो बूट काढत होता. "माझं हसं करायचंय का? ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवशी गुरुवार बंद."

आवाजही चढवला नव्हता त्याने. म्हणूनच तिला ते खरं वाटलं.

एका रविवारी सकाळी, उस्ताद घरीच असताना, लॅबमधली पॉलिशवाली घरी आली. सासूबाईंची कवळी तयार झाली होती आणि ती दोन गल्ल्या सोडूनच राहायची. आठ महिने सासूबाई बिनदातांच्या होत्या. त्यांचं बोलणं म्हणजे नुसती फसफस, कळायचं ते फक्त सुनेला.

"आजी, तुमच्या लेकाचा कान म्हणजे कान हं!" पॉलिशवाली बसता बसताच म्हणाली. "वहिनी, तुमची तर मजाच आहे बाई. घरात रोजच गुरुवार!"

वहिनी हसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"पण एक खोड आहे या उस्ताददादांची," पॉलिशवालीने चहाचा कप घेतला. "आमच्याकडे रीत आहे, यादी आवडली की फोनवरच तिच्या शेवटी आपलं एक गाणं जोडायचं. शेपूट म्हणतो आम्ही. मी दर गुरुवारी लावते. माझी आई गेली तेव्हा दादांनी एक अंगाई लावली होती. त्याला मी आईचं लाडकं गाणं जोडलं. पण दादा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. कधीच बोलत नाहीत."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "कुठंयत ती शेपटं?"

"काढून टाकतो घरी येताना," उस्ताद बिस्किट बुडवत म्हणाला. "यादी कशी स्वच्छ हवी."

ती अंगाई वहिनीने दोन तास शोधली होती, पॉलिशवालीची आई गेल्याचं नवऱ्याने जेवताना सांगितलं म्हणून. म्हणजे तीन वर्षं कुणीतरी तिला उत्तर देत होतं, आणि हा आयत्या बिळावरचा नागोबा जिना चढायच्या आधी ते पुसून टाकत होता. इतका राग आला की हातातला ट्रे तिला खाली ठेवावा लागला. पण बोलावं तर गुरुवार बंद, न बोलावं तर शेपटं कापली जाणारच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पॉलिशवालीने हात धुऊन कवळी बसवली आणि समोर आरसा धरला. सासूबाईंनी जबडा दोनदा हलवला.

"बोला आजी, काहीतरी बोला. कळू दे कशी बसलीय ते."

"गाणी हिची आहेत," सासूबाई म्हणाल्या. शब्द न् शब्द लख्ख. "त्याला काय कळतंय त्यातलं? दर बुधवारी हीच बसते फोन घेऊन. मी इथून बघते ना."

उस्तादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पॉलिशवाली आरसा धरून तशीच उभी राहिली, मग हळूच वळली.

"खरंच, वहिनी?"

एक 'हो' म्हणायचं होतं. तीन वर्षांत इतक्या आशेने तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. उस्तादाने टेबलावरचा आपला फोन उचलला आणि खिशात घातला.

"अहो, त्यांचं वय झालंय," वहिनी हसत म्हणाली. "मनाला येईल ते बोलतात. मला कुठलं आलंय गाण्यातलं कळायला?"

पॉलिशवालीही हसली. उस्ताद सगळ्यांत मोठ्याने हसला.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, नवी कवळी काढली आणि डबीत ठेवून दिली.