काळा शेवटी

गुलाबी तत्त्वज्ञ.

एक पाय आखूड असलेलं स्टूल.

दोन मिलिमीटर. खरं तर चार.

धाकटीचा एप्रन भिंतीवर, आठ महिने, न धुता.

हे सगळं एकाच खोलीतलं. आम्ही दोघी बहिणी इथे जाळीच्या चौकटीतून हाताने शाई ओढून पोस्टरं छापायचो. एका रंगाला एक जाळी. पिवळा, गुलाबी, लाल मी ओढायची, काळा धाकटी, आठ महिन्यांपूर्वी ती परगावच्या छापखान्यात जाईपर्यंत. काळा शेवटी लागतो आणि नाक, डोळे, सुरकुत्या त्यातच असतात. तोवर माणूस म्हणजे नुसते रंगीत डाग.

काळी शाई ओढायची रबरी पट्टीही तिचीच. वरच्या खिळ्याला, त्या एप्रनखाली. धाकटी माझ्याहून चांगली उंच. तिथे पोचायला मला स्टूल लागतं, म्हणून मी काळा ओढत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

*पिवळा, गुलाबी*

ज्यू वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी पाच चेहरे सांगितले होते. भिंगं घासून पोट भरणारा तत्त्वज्ञ, पिंजारलेल्या केसांचा शास्त्रज्ञ, मनाचा डॉक्टर, रंगभूमी गाजवलेली नटी, बीजगणित नव्याने मांडणारी बाई.

"आमच्या समाजातली एवढी मोठी माणसं, पण जुन्या फोटोंत पोरांना कंटाळवाणी वाटतात. भडक करा. सिनेमाच्या पोस्टरसारखी."

केली. डॉक्टर पिवळाधमक झाला.

*लाल*

लाल मी मुद्दाम सरकवला. पाचही चेहऱ्यांचे ओठ गालाकडे निघाले. असं बिघडलेलं काम धाकटीच सावरते, काळी रेघ कुठे जाड, कुठे बारीक करून. म्हणजे तिला यावंच लागणार.

फोन लावला.

"लाल सरकलाय गं."

"किती?"

"दोन मिलिमीटर. बरं, चार."

"ताई, तीस वर्षांत तुझा रंग केसभर हलला नाही."

"वय झालं."

"वय? परवाच तर जिना तीनदा चढले म्हणून बढाई मारत होतीस."

मी लाल पट्टी पुसायला घेतली.

"मुद्दाम केलंस ना?"

"येतेस का? काळ्यापुरती."

"इथे यंत्र ओढतं, मी बटण दाबते. घर इथे, माणसं इथे. मी नाही यायची आता. तूच ओढ."

"माझा हात पोचत नाही तिथे."

"बघ तरी आधी," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई आल्या.

"अगंबाई! ओठ कुठे चाललेत?"

"चुकलंय. बहीण आली की नीट करेल."

"चुकलंय कसलं! चेहरा नाही, पण बोलतोय बघा. हात लावायचा नाही याला. फक्त डोळे द्या, रविवारी उद्घाटन आहे."

माझा शेवटचा बहाणा त्यांनी कौतुक करून संपवला.

*काळा*

स्टूल भिंतीशी नेलं. एप्रन उतरवला, नाकाशी धरला. शाईचा वासही उडून गेला होता, नुसतं कापड. पट्टी काढली. शाई ओतली, श्वास धरला, ओढली. जाळी उचलली आणि तत्त्वज्ञाने माझ्याकडे पाहिलं.

डोळे जरा जाड आले. धाकटीचे तसे आले नसते.

पाचही जण वाळत टाकले आणि त्यांचा फोटो तिला पाठवला. तिचं उत्तर आलं: "नटीचा डावा डोळा परत ओढ." मग लगेच: "नको. राहू दे तसाच."

मी बसायला स्टूल ओढलं, तेव्हा लक्षात आलं. त्यावर मी चढलेच नव्हते.

जायच्या आधीच धाकटीने तो खिळा वीतभर खाली ठोकला होता.