गुणाची पोर

“रियाला आतल्या खोलीत बसव. पाव्हणे उठले का मग येऊ दे भायेर,” बशा पुसता पुसता इंदूबाईंनी सुनेला सांगितलं.

हर्षलाच्या हातात पोह्यांची परात होती. ती तिने ओट्यावर जरा जोरातच आदळली. “का? तिला काय कांजिण्या आल्यात?”

“तसं नाय गं. कमलेशच्या सोयरिकीला माणसं येतायत. चांगलं काम हाय. बघतील, इचारतील. पोरीलाच वाईट वाटंल.”

पोरीलाच वाईट वाटेल! उन्हाळ्यापासून या घरात जे जे झाकलं गेलं, ते सगळं पोरीच्याच नावावर झाकलं गेलं होतं. हर्षला काही बोलणार, तेवढ्यात दारात बसलेली रिया उठली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. नऊ वर्षांची पोर, तिने आपली चित्रांची वही उचलली, आतल्या खोलीत गेली आणि दारही स्वतःच लोटून घेतलं.

“बघ,” इंदूबाई कौतुकाने म्हणाल्या, “किती गुणाची हाय. सांगायला लागत नाय.”

हर्षला परातीतले पोहे जोरजोरात मोकळे करू लागली. गुणाची! ही पोर गुणाची कधी होती? मागच्या वर्षापर्यंत रिया म्हणजे आळीला ताप होता. दुसऱ्याच्या आंब्यावर चढायची, हरली की पत्ते उधळून द्यायची, आणि ओरडली की तिचा आवाज नदीपलीकडे जायचा. “हिच्या घशात भोंगा हाय,” असं तिचे आजोबा धाकलूआबाच म्हणायचे. आता तो भोंगा कुठे गेला, याची कोणाला चौकशी नव्हती. उलट सगळे खूश. पोर भाजली, पण शहाणी झाली म्हणे.

ती भाजली राबाच्या दिवशी. भाताची रोपं टाकायची जमीन आधी भाजून घ्यावी लागते. शेण, फांद्या, पाला, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. पण पेटवायचं वारा जिकडे जातो त्या टोकाने, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश मागे सरकते आणि माती नीट भाजते. वाऱ्याच्या बाजूने काडी लावली तर आग उधळते. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि धाकलूआबा तर राब लावण्यात गावात पहिले, लोक त्यांना आपल्या शेतावर बोलावून न्यायचे. त्या दिवशी मात्र शेलूला हळदीला जायचं होतं, टेंपो थांबला होता, आणि आबांना घाई झाली. लवकर उरकावं म्हणून त्यांनी वाऱ्याच्या बाजूने काडी लावली. जन्मभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून दटावलं, नेमकं तेच केलं.

हर्षला तेव्हा कळंबच्या रिसॉर्टवर होती. शनिवार, सगळ्या खोल्या भरलेल्या, ती पलंगावरच्या चादरी बदलत होती. फोन आला तेव्हा हातातली उशी तशीच घेऊन ती फाटकापर्यंत धावली होती.

मुंबईच्या दवाखान्यात हवालदाराने विचारलं, पोर भाजली कशी? हर्षलाचा नवरा जितेश म्हणाला, “खेळता खेळता गेली आगीत.” मग व्हरांड्यात त्याने हर्षलाला बाजूला घेतलं. “आबांनी वाऱ्याच्या अंगानं लावला गं. मी वरच्या शेतात फाटी-लाकडं उचलत होतो, येईपर्यंत झालं सगळं. पण तू कुठं बोलू नको. पोलिसांचं लफडं व्हईल. म्हातारा खचंल.”

आत रिया जगते का मरते अशी होती. त्या घडीला हर्षलाने कशालाही मान हलवली असती. तशी तिने हलवली. पण दवाखान्यात सांगितलेली थाप तिथेच राहायला हवी होती. ती यांच्या मागोमाग घरी आली आणि चांगली बाळसं धरून वाढली. गाव बघायला येई. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, असं म्हणत लोक चहा पीत आणि इंदूबाई सुरू करत, “पोर आगीशी खेळायला गेली. आई कामावर. कोन बघनार?” चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि रिया तिथेच मान खाली घालून बसलेली असे. कोणी विचारलं तर ‘हो’ म्हणे.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी रियाचा हात धरून वर ओढला. कोपरापासून गळ्यापर्यंतची कातडी आखडली होती, ती ताणावीच लागते. बाजूच्या खाटेवरचा बाप्या माणूस आई-आई करून ओरडत होता. रियाच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं. हर्षलाला क्षणभर अभिमानच वाटला. पण बाई म्हणाल्या, “ही घरी कधी रडते? चिडते? कोणावर तरी रागावते?”

“नाय हो. खूप शहानी झालीय.”

“हे चांगलं नाही,” बाई म्हणाल्या. “हात मी सोडवीन. पण हिने आत काहीतरी दाबून धरलंय. ते घरातच सुटेल, इथे नाही.”

तेव्हापासून हर्षला आतल्या आत पेटलेली होती. सासूवर, नवऱ्यावर, आबांवर, आणि त्या दिवशी हललेल्या स्वतःच्या मानेवर.

पाहुणे आले. चौक गावाहून मुलीचे मामा आणि मुलीची आत्या अंबूबाई. हर्षलाचा धाकटा दीर कमलेश नवा शर्ट घालून कोपऱ्यात बसला. आबांनी पान पुढे केलं. पोहे झाले, शेतीचं झालं, चौकच्या गॅरेजचं झालं. अंबूबाई हात धुवायला म्हणून आत गेल्या आणि येताना रियाला हाताला धरून घेऊन आल्या.

“अगं बाई, एवढी गोड पोर, हिला अंधारात का बसवलीय?” अंबूबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी रियाला जवळ घेतलं, आणि मग भाजलेल्या हातावर दवाखान्याने चढवलेली घट्ट बाही आणि गळ्याची कातडी त्यांना दिसली. “आई गं! काय झालं हिला?”

इंदूबाईंनी पदर सावरला. “काय सांगू, पोर आगीशी खेळायला गेली...”

हर्षला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळी कहाणी तिने पुन्हा ऐकली. आई कामावर होती, हेही ऐकलं.

“आता नाय ना खेळायचीस आगीशी?” अंबूबाईंनी हनुवटी धरून विचारलं.

“नाय,” रिया म्हणाली.

“लय गुणाची झालीय,” इंदूबाई म्हणाल्या. “दवाखान्यातनं आली नि दुसऱ्याच दिवशी आबांचे पाय धरलेन. चुकले म्हनाली, परत नाय करनार म्हनाली. आमी काय सांगितलं नव्हतं, तिची तीच.”

हर्षला दारातून पुढे आली.

“कधी?” तिने विचारलं. तिने ट्रे जमिनीवर ठेवला आणि आबांसमोर जाऊन उभी राहिली. आजवर ती सासऱ्यासमोर अशी कधी उभी राहिली नव्हती. “आबा, हिने तुमचे पाय धरले? आणि तुमी धरू दिले?”

आबा पानाचा देठ खुडत राहिले.

“हर्षला, आत जा,” जितेश म्हणाला.

“नाय जानार. आबा, राब कोनी लावला त्या दिवशी? सांगा पाव्हण्यांना. वारा कुठला होता, काडी कुठल्या अंगाला लावली, सांगा!”

“अगं, पाव्हणे हायत,” इंदूबाई कळवळून म्हणाल्या. “कमलेशचं तरी बघ!”

“कमलेशचं बघा, आबांचं बघा, पोलिसांचं बघा. हिचं कोन बघनार? भाजायचं हिनं, नि पायबी हिनंच धरायचे? ऐका हो अंबूबाई, माझी पोर आगीशी खेळली नाय. आबांनी घाईत वाऱ्याच्या अंगानं राब लावला, म्हनून भाजली. सगळ्या घराला माहीत हाय. मलाबी माहीत होतं, नि मीबी तोंड शिवून बसले.”

जितेश ताडकन उठला. त्याने हात उगारला की नुसताच पुढे केला, ते कळलं नाही, कारण त्याच वेळी रिया बोलली.

“मी खेळत नव्हते.”

अगदी हळू.

“आबांनी मला डहाळी दिली,” ती आईकडे बघत म्हणाली. “बांधावर उभं केलं. बोलले, हितं गवत पेटलं तर मार. बांध सोडू नको, हलू नको. मग आग आली. मोठी आली. मी मारत होते आई, डहाळीच पेटली. मी हलले नाय.”

हे हर्षलालाही माहीत नव्हतं. जितेशलाही नव्हतं. त्याचा हात खाली आला. या घरात हे एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस पोरीला आपल्या पायावर डोकं ठेवू देऊन गप्प बसला होता.

“मी हलले नाय!” रिया आता आबांकडे वळली. “तुमीच बोलले हलू नको! मला पळायचं होतं! तुमीच बोलले! मग सगळ्यांना का सांगता मी खेळायला गेले? का सांगता?”

“रिया, मोठ्या मानसांशी असं...” इंदूबाई पुढे झाल्या. हर्षलाने त्यांचं मनगट धरलं. सासूचं मनगट आयुष्यात पहिल्यांदा, आणि चांगलं घट्ट.

“हात लावू नका तिला. ओरडू दे.”

रिया ओरडली. चहाचा एक कप भिंतीवर फुटला, मग दुसरा. दवाखाना, सुया, खाज, शाळेत तिच्या शेजारी न बसणारी पोरं, ती बाही, सगळं तिने आबांच्या अंगावर फेकलं. आबांचा देठ खुडणारा हात थांबला.

“खरं हाय,” ते म्हणाले. “मीच उभी केली होती.”

त्यांना वाटलं असेल, एवढं बोललं म्हणजे मिटलं. मोठ्या माणसांना तसं वाटतं. रियाचं मिटलं नाही. ती जास्तच पेटली. आबा उठू लागले तेव्हा किंचाळली, “जायचं नाय! ऐका!” आणि म्हातारा पुन्हा खाली बसला. पाहुण्यांनी हळूच चपला घातल्या. जाताना अंबूबाई हर्षलाच्या खांद्याला हात लावून गेल्या. सोयरिकीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जितेश भिंतीशी बसून हुंदके देत होता. हर्षलाला त्याची दया आली नाही. पुढे कधीतरी येईल, नाहीतर न येईल.

रियाचा घसा बसला तेव्हा दिवेलागण झाली होती. मग ती आईच्या मांडीवर आडवी झाली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

सकाळी हर्षला घरातून झाडून आणलेल्या कपाच्या काचा अंगणात गोळा करत होती. घरात कोणी तिच्याशी बोलत नव्हतं, तीही कोणाशी बोलत नव्हती. शेजारची चिंधीकाकू हंडा घेऊन कुंपणाशी थांबली.

“काय गं हर्षला, काल केवढं भांडान लागलं तुमच्याकडं? पार नदीपर्यंत आयकू येत होतं.”

हर्षलाने काचा केराच्या सुपात टाकल्या.

“भांडान नाय काकू,” ती म्हणाली. “आमची रिया बोलत होती.”